कुंचीवाला वेल

कोणे एके काळी, म्हणजे डोंगर अजून तरणे होते आणि पाखरं माणसांच्या भांडणात बिनदिक्कत तोंड घालायची, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

एका डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. वाडीच्या वरच्या अंगाला उतार होता, आणि त्या उतारावर दर पावसाळ्यात करटुल्यांचे वेल यायचे. कुणी पेरत नसे, कुणी पाणी घालत नसे. दिवाळी सरली की वेल वाळून जायचे, नाव ना निशाण. पण मातीखाली कंद पांघरूण घेऊन निजलेला असायचा. पुढल्या पावसात त्याच जागी, त्याच डोळ्यातून पुन्हा कोंब वर.

करटुलं ठाऊक आहे ना? हिरवंगार, आवळ्याहून थोडं मोठं, अंगभर मऊ काटे. काटे कसे, तर तान्ह्या मुलाच्या रागासारखे. दिसतात, टोचत नाहीत. कांद्यावर परतायला घेतलं की चार घरांपलीकडचा माणूस "सहज आलो होतो" म्हणत दारात उभा राहायचा.

त्या वाडीत आवडी नावाची बाई होती. रान ओळखावं तर आवडीनंच. शेजारची सारजा एकदा हातात वेल नाचवत आली.

"आवडे, हे बघ! माझ्या गोठ्यामागंच करटुलं उगवलंय. आता कशाला डोंगर चढतेय मी!"

आवडीनं चुलीवरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणाली, "ताणा बघ त्याचा, आधाराला गुंडाळतो तो."

"ताण्याला काय झालं?"

"टोकाला फाटे फुटलेत, सापाच्या जिभेवानी. करटुल्याचा ताणा म्हंजे एकटा जीव सदाशिव. त्याला फाटा न्हाई. पान बघ. करटुल्याचं पान देठाशी विड्याच्या पानासारखं असतं, कडेला बारीक दाते. तुझ्या हातात कवंडळ हाय. फळ लालभडक येईल. दिसायला नवरी नि खायला वैरीण."

सारजानं वेल टाकला, हात धुतले, आणि पुन्हा धुतले.

अशी आवडीची नजर. त्याहून बारीक खूण होती ती फुलाची. करटुल्याचं पिवळं फूल दिवेलागणीला उमलतं. काही वेलांच्या फुलाखाली, हनुवटीखाली मस असावा तसा, एक काटेरी मणी असतो. तो मणी फुगत जातो आणि त्याचं करटुलं होतं. काही वेलांना मणी नसतो. त्यांचं फूल लांब देठावर येतं, आणि मागून एक हिरवं पान त्याला असं लपेटून बसतं, की जणू बाळाच्या डोक्याला कुंची बांधली आहे. कुंचीवाल्या वेलाला फळ धरत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

वाडीतली माणसं त्यांना देवाचे वेल म्हणायची आणि हात लावायची नाहीत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. सासवा म्हणायच्या, आम्हाला आमच्या सासूनं सांगितलं. आणि त्या सासूला विचारायला आता कोण स्वर्गात जाणार?

आवडीला एकच लेक, राही. नदीपलीकडच्या गावी दिलेली. तिला दिवस राहिले आणि पहिल्याच खेपेला पोरीनं सगळं अन्न वर्ज्य केलं. भाकरी नको, आमटी नको, दूध पाहिलं की तोंड फिरवायची. डोहाळे एकच, करटुल्याच्या भाजीचे. आणि करटुली तर अजून वेलावर यायची होती.

आवडी लाडवांचं गाठोडं घेऊन लेकीला भेटायला गेली. विहीण हौसाबाई ओट्यावरच बसली होती. मोठं घर, मोठा आवाज, मनही तसं लहान नाही, पण ते आधी दाखवायची नाही.

"या विहीणबाई," हौसाबाई म्हणाली. "लाडू आणलेत? आणा, आम्हीच खाऊ. तुमच्या लेकीला आमच्या घरचं अमृत चालत न्हाई. तिला डोंगर पाहिजे, आणि डोंगरावरचं करटुलं पाहिजे. लगनात तुमच्या करटुल्यांचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले. ताटात मात्र एक आलं न्हाई."

"लगीन वैशाखात झालं, विहीणबाई. वैशाखात करटुली कुठून आणू?"

"ते खरं. न देणाऱ्याला कारण लागतंच."

हे मात्र आवडीला झोंबलं. अंगणात चार बायका धान्य निवडत होत्या, त्यांचे हात थांबले होते. आवडी ताठ उभी राहिली.

"डोहाळजेवण माझ्या दारात करते. तुमच्या गावच्या सगळ्या बाया घेऊन या. ताट भरून करटुली वाढीन. पोटभर खा, वर पदरात बांधून न्या."

"आणि न्हाई वाढलीत तर?"

"न्हाई वाढली तर," आवडी म्हणाली आणि जीभ घसरली, "तर पोरीचं बाळंतपण तुम्हीच करा. मी तिला माहेरी न्हेणार न्हाई."

पहिलं बाळंतपण आईच्या घरचं, हा आईचा हक्क. तो असा कुणी पणाला लावतं का? पण तोंडातून गेलेला शब्द आणि चुलीतून गेलेला धूर, परत कसा आणायचा?

हौसाबाईचे डोळे लकाकले. "ऐकलंत गं बायांनो? मी काही बोलले न्हाई हां. त्याच बोलल्या."

राही आतून दाराशी आली, कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तू मला विचारलंस तरी का?"

आवडी परतली ती वाटभर स्वतःशी बोलत. उतार तेवढाच, माती तेवढीच, करटुली मात्र पाहिजेत दुप्पट. काय करावं? आणि विचार करता करता तिला ते कुंचीवाले वेल आठवले. जागा खातात, पाणी पितात, वर चढून चांगल्या वेलांवर सावली धरतात. आणि देतात काय? फुलं!

घरी येताच तिनं कुदळ काढली. राहीचा बाप सुंभ वळत बसला होता. तो म्हणाला, "अगं, आजवर राहिलेत ते वेल. राहू देत की."

"आजवर तुमची मिशीबी राहिलीय," आवडी म्हणाली. "कुठल्या कामाला आली?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला, विचार केला, आणि पुन्हा सुंभ वळायला लागला.

आवडीनं वाडीतल्या बायका जमवल्या. काहीजणी कचरल्या. देवाचे वेल आहेत, म्हणाल्या. आवडीनं कमरेवर हात ठेवले.

"देव काय नुसती फुलं हुंगून राहतो व्हय? त्यालाबी भाजी नको? निकामी वेल गेले की कामाचे पोसतील. तुम्हा सगळ्यांच्या टोपल्या भरतील. चला!"

बोलणं पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं बोलणंच माणसाला जास्त फसवतं. बायका निघाल्या. आवडी पुढे जाऊन फुलाखाली बोट घालून बघायची. मणी असला की "राहू दे". कुंची असली की "काढ". तिचं बोट एकदाही चुकलं नाही. मण्याचा एकही वेल उपटला गेला नाही, कुंचीवाला एकही राहिला नाही. कंद उन्हात फेकले, काही सुकले, उरलेले रानडुकरांनी कुरुमकुरुम खाल्ले.

उतार कसा स्वच्छ दिसायला लागला! राहिलेल्या वेलांवर संध्याकाळी पिवळी फुलं पेटली. प्रत्येक फुलाखाली मणी. आवडी रोज बघायला जायची आणि मनातल्या मनात ताटं वाढायची.

एके सकाळी मणी पिवळे पडले. दुसऱ्या सकाळी गळाले. नवी फुलं आली, त्यांचेही मणी पिवळे पडले, गळाले. वेल हिरवेगार, पानं तजेलदार, पण करटुलं म्हणून एक धरेना. आवडीनं शेणखत घातलं. राख घातली. सारजाच्या सांगण्यावरून वेलांची दृष्ट काढली. मणी गळायचे ते गळतच राहिले.

सारजा म्हणाली, "देव कोपला, आवडे. त्याचे वेल तू उपटलेस."

"तूबी माझ्यासंगं होतीस."

"मी टोपली धरली होती. कुदळ तुझ्या हातात होती."

वाडीतल्या बायका आवडीशी बोलेनाशा झाल्या. पावसाळ्याची भाजी सगळ्यांचीच गेली होती ना! तेवढ्यात नदीपलीकडून हौसाबाईचा निरोप आला, "पुढल्या महिन्यात डोहाळजेवण. आमच्या बायांनी आतापासूनच कमी जेवायला घेतलंय."

त्या संध्याकाळी आवडी उताराच्या कडेला जाऊन बसली. लेक बाळंत होईल परक्या घरी, आपण इथे बसून निरोपाची वाट बघायची, या विचारानं तिचे डोळे भरले. दिवेलागण झाली. फुलं उमलली. फुलांवर दर संध्याकाळी येणारी एक राखाडी पाकोळी, रातचं फुलपाखरू, आली, या फुलावरून त्या फुलावर गेली, आणि चक्क शिंकली.

"काय गं बाई, काय हा तुझा मांडव!" पाकोळी म्हणाली. "जिकडं बघावं तिकडं नवऱ्याच नवऱ्या. सगळ्या नटूनथटून उभ्या. नवरदेव कुठंयत?"

"कसले नवरदेव?"

"कुंचीवाले! आजवर मी इथं मध्यस्थी करत आले. माझी आई करायची, तिची आई करायची. कुंचीवाल्याच्या फुलात शिरायचं, पायाला पिवळा भुकटा लागला की मण्यावालीच्या फुलात जाऊन झटकायचा. झालं लगीन! मग मणी धरतो, फुगतो, तुम्ही खाता. आता मी भुकटा आणू कुठून? तुझ्या पदरातून?"

आवडीला सगळं दिसायला लागलं. मणी तिनं ओळखला होता, कुंची ओळखली होती, पण दोघांचं एकमेकांत काय, ते तिनं विचारलंच नव्हतं. आणि ज्यांना निकामी म्हणून उपटलं, ते तर या सगळ्या फळांचे बाप.

"आता गं काय करू?" ती म्हणाली. "एकबी उरला न्हाई का कुठं?"

"एक हाय. नदीपल्याडच्या गावात, मोठ्या घराच्या कुंपणावर. दारात काळी गाय, ओट्यावर मोठ्या आवाजाची बाई. एकटाच फुलतो बिचारा. पण मला आता एवढं उडवत न्हाई. तूच जा."

आवडीनं कपाळ बडवलं. साऱ्या मुलखात वेल उरला तो एक, आणि तोही विहिणीच्या कुंपणावर!

दुसऱ्या दिवशी ती नदी ओलांडून गेली. हौसाबाई ओट्यावरच होती.

"या, या! टोपली दिसत न्हाई हातात?"

"विहीणबाई," आवडी म्हणाली, "तुमच्या कुंपणावर करटुल्याचा वेल हाय म्हणे."

हौसाबाईचा चेहरा एकदम उतरला. आवाज खाली आला. असा खाली आलेला आवाज त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला असेल.

"कुणी सांगितलं? राहीनं? … आता कळलंच तर ऐका. लगनाला आले होते तेव्हा तुमच्या वाडीतल्या पोरांना जागा विचारून उतारावरून एक कंद उकरला नि पदरात बांधून आणला. म्हटलं, यांच्याकडं मागायलाच नको. लावला, पाणी घातलं, मांडव केला. दोन वर्षं झाली, नुसता फुलतो. गाव हसतं. 'हौसाबाईचा देवपूजेचा वेल' म्हणतात. हसा, तुम्हीबी हसा."

"कंदावर कुंची दिसत न्हाई, विहीणबाई. तुमची काय चूक?" आवडी म्हणाली. "आणि मी हसायला आले न्हाई. मागायला आले."

मग तिनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. कुदळ कशी चालवली, मणी कसे गळाले, पाकोळी काय म्हणाली, सगळं. राही दाराला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा सुकलेला, डोळे मोठे झालेले.

हौसाबाई म्हणाली, "म्हंजे माझ्याच वेलाची फुलं न्यायची, त्यावर करटुली पिकवायची, आणि मलाच पणात हरवायचं. असंच ना?"

"असंच," आवडी म्हणाली. खोटं काय बोलणार?

"मी न्हाई म्हटलं, तर नातवंड माझ्या घरात जन्मतंय."

"व्हय."

तेवढ्यात राही म्हणाली, "आत्याबाई, आई, तुमचं काय ठरायचं ते ठरवा. पण मला करटुली कोण देणार, तेवढं आधी सांगा. मी तोवर जेवत न्हाई."

हौसाबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेचा गळ्याखालचा खळगा पाहिला. हातातल्या सैल बांगड्या पाहिल्या. आणि ती उठली.

"चला कुंपणाकडं. पर एक सांगते. फुलं मी तुमच्या हातात द्यायची न्हाई. मी स्वतः घेऊन येणार. माझा वेल नवरदेव हाय म्हणता ना? मग मी वरमाय. वरमायीचे पाय धुवावे लागतील!"

"पाय धुते, ओटी भरते, पायघड्या घालते," आवडी म्हणाली. "मांडवच माझा हाय!"

दुपार कलली तेव्हा दोघींनी मिळून कळ्या निवडल्या. आज उमलणारी कळी टपोरी असते, टोकाला पिवळी डोकावते. कुंचीसकट देठ लांब ठेवून खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली. हौसाबाई ताटात हळदकुंकू घेऊन पुढे, मागे तिच्या गावच्या बाया, आणि सगळ्यांत मागे, कुणीही बोलावलं नसताना, राही. पावसानं उघडीप दिली होती, नदीत पाणी घोट्याएवढंच होतं, म्हणून कुणी तिला अडवलं नाही.

वाडीच्या वेशीवर आवडीनं खरोखरच पाय धुतले. सारजा बघत होती. तिनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय गं?"

"आपल्या सगळ्यांच्या भाजीचं," आवडी म्हणाली. "अबोला सोड आणि ये."

दिवेलागणीला फडक्यातल्या कळ्या उमलल्या. वेलांवरची फुलंही उमलली. बायका उतारभर पांगल्या. कुंचीवालं फूल हातात धरायचं, मण्याच्या फुलाला अलगद टेकवायचं, पिवळा भुकटा उतरला की पुढच्या वेलाकडे. कुणीतरी मंगलाष्टकं म्हणायला लागली. शब्द सगळे चुकले, कुणी हसायचं थांबेना. राखाडी पाकोळी हौसाबाईच्या ताटाच्या काठावर बसून म्हणत होती, "अगं हळू! तू वरमाय हायेस, कुटायला न्हाई बसलीस."

असं पुढेही काही संध्याकाळी केलं. कळ्या नदीपलीकडून यायच्या, सोबत हौसाबाई यायची, आणि दरवेळी पाय धुवून घ्यायची.

मणी गळाले नाहीत. मणी हिरवे राहिले, फुगले, त्यांना काटे आले. वेल वाकले.

डोहाळजेवणाला दोन्ही गावच्या बाया पंगतीला बसल्या. राहीच्या ताटात करटुल्याची भाजी पडली. तिनं एक घास घेतला, मग दुसरा, मग कुणाकडे न बघता ताट साफ केलं आणि पुन्हा पुढे केलं. आवडीनं वाढता वाढता डोळे पदराला पुसले. हौसाबाईनं तिसऱ्यांदा भाजी मागून घेतली, बोटं चाटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विहीणबाई, शब्द पुरा केलात. पोर माहेरी ठेवून घ्या. पर बाळ झालं की पहिला निरोप मला. उशीर झाला तर वरमाय रुसली असं समजा, नि पुढल्या वर्षी फुलं मिळायची न्हाईत!"

पंगत हसली. राहीला दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली, माहेरीच. निरोप निघायच्या आधीच हौसाबाई दारात हजर होती.

पुढल्या उन्हाळ्यात तिनं आपल्या कुंपणावरच्या वेलाचे कंद वाढवून आणून दिले, आणि आवडीनं ते उतारावर जागोजागी आपल्या हातानं लावले. बदल्यात हौसाबाईच्या कुंपणावर मण्याचे वेल गेले. गाव मग तिच्या वेलाला हसेना, भाजी मागायला यायला लागलं. करटुल्याचं लगीन लावायची रीत दोन्ही गावांत पडली ती पडलीच. कुंचीवाल्या वेलाला हात लावायचा नाही, हे पूर्वीही सांगत. आता का लावायचा नाही, तेही पोरीबाळी सांगायला लागल्या.

आणि आवडी? ती तशीच राहिली, तोंडाची तिखट, नजरेची तेज. फक्त कुणी अनोळखी वेल तिच्यापुढे आणला की ती पान बघायची, ताणा बघायची, फूल उलटं करून बघायची, आणि मग थांबायची. म्हणायची, "नाव सांगते. पर काही कामाचा हाय का, ते आत्ताच विचारू नका. तो कुणाचा कोण लागतो, ते आधी बघून येते."

तर बाळांनो आणि बाळांच्या आयांनो, पुरती ओळख पटल्याशिवाय कुणावर कुदळ उगारू नये.